तेराव्यानंतरची बातमी

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. ‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन संस्कृतचा गंध नसलेला माणूसही तेराव्याच्या पंगतीत सहज उच्चारतो आणि ज्याने हयातभर गावाला छळले त्याच्याबद्दलही ‘तसा मनाने चांगला होता हो’ असे चार शब्द काढले जातात. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून मला याच्या नेमका उलटा रिवाज दिसत आला आहे. इथे एखाद्या बड्या माणसाबद्दल खरे छापायचे असेल, तर पुष्कळदा त्याचे तेरावे होईपर्यंत थांबावे लागते.

सप्टेंबर 2024 मध्ये बीबीसीने हॅरॉड्स या दुकानाचे एकेकाळचे मालक मोहम्मद अल फायद यांच्यावर माहितीपट दाखवला. त्यात वीसहून अधिक स्त्रियांनी आपल्या नोकरीच्या काळातल्या लैंगिक छळाची हकीकत सांगितली आणि त्यांपैकी पाच जणींनी बलात्काराचा आरोप केला. फायद त्याआधी वर्षभर, ऑगस्ट 2023 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले होते. माहितीपट पाहिल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो हा, की हे कोणालाच कसे माहीत नव्हते? उत्तर असे, की माहीत होते. एका अमेरिकन मासिकाने 1995 मध्येच त्यांच्या स्त्री-नोकरांशी असलेल्या वागणुकीबद्दल लिहिले होते. फायद यांनी त्या मासिकावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. मासिकाने लढायची तयारी केली, साक्षी-पुरावे जमवले. परंतु 1997 मध्ये फायद यांचा मुलगा डोडी आणि राजकन्या डायना यांचा पॅरिसमध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर तो दावा आपसात मिटवण्यात आला आणि जमवलेला पुरावा न्यायालयापुढे आलाच नाही. त्यानंतर फायद सव्वीस वर्षे जगले.

हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण दूरचित्रवाणीवरचा लाडका सूत्रधार जिमी सॅव्हिल ऑक्टोबर 2011 मध्ये गेला, बीबीसीच्याच एका कार्यक्रमाने त्याच्याबद्दल सुरू केलेली चौकशी त्या डिसेंबरात गुंडाळली गेली आणि पुढच्या ऑक्टोबरात आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीने ती हकीकत जगापुढे मांडली. मग पोलिसांकडे जवळपास साडेचारशे माणसे आपापली तक्रार घेऊन आली. त्याआधी ‘मिरर’ वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी टीकाकारांवर दावे लावण्याचा सपाटाच लावला होता. नोव्हेंबर 1991 मध्ये कॅनरी बेटांजवळ त्यांच्या नौकेवरून ते समुद्रात पडून मेले आणि काही आठवड्यांतच उघड झाले, की स्वतःच्याच नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीतून त्यांनी 40 कोटींहून अधिक पौंड उचलले होते. ज्यांच्या पुंजीवर हात मारला गेला त्यांत त्यांचेच पत्रकार होते, ही त्यातली आणखी एक गोम.

या तिन्ही प्रकरणांत कायद्याचे एक साधे कलम काम करते. इंग्लंडच्या कायद्यानुसार मृत माणसाची अब्रू जात नाही. दावा लावण्याचा हक्क ज्याचा त्याच्याबरोबर संपतो. आपल्याकडे मृताच्या नातलगांना दुखावणारा मजकूरही बदनामीच्या व्याख्येत बसू शकतो आणि बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडने फौजदारी बदनामी 2010 च्या आरंभी रद्द केली. म्हणजे लेखणीसाठी इथे तुरुंग नाही. तरीही मला वाटते, इथल्या पत्रकारितेपुढचा धोका ओळखायचा असेल तर तुरुंगाकडे पाहून उपयोग नाही, कॅलेंडरकडे पाहावे. ब्रिटनमध्ये बातमी सहसा मारली जात नाही, ती लांबवली जाते, आणि लांबलेल्या त्या काळात कोणीतरी तिची किंमत मोजत असते.

याला पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत 2025 साली ब्रिटन विसावा आणि भारत एकशे एकावन्नावा. अशा देशात राहून तू कसली तक्रार करतेस, असे एकाने मला सरळच विचारले. त्याचे म्हणणे खोटे नाही. जिथे गावातल्या वाळूच्या धंद्याबद्दल लिहिले म्हणून वार्ताहराच्या अंगावर माणसे जातात, तिथून पाहिले तर वकिलाचे पत्र ही अगदीच सभ्य गोष्ट वाटते. पण सभ्य असल्यामुळेच ती दिसत नाही, तिचा पंचनामा होत नाही, तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

असे एक पत्र मी वाचले आहे. माझ्या परिचयातले एक गृहस्थ आपल्या भागापुरते छोटे बातम्यांचे संकेतस्थळ चालवतात. संपादक तेच, वार्ताहर तेच आणि जाहिराती मिळवणारेही तेच. एका जमीनव्यवहाराबद्दल त्यांनी संबंधित व्यावसायिकाला रीतसर प्रश्न पाठवले होते. उत्तर व्यावसायिकाकडून आले नाही, त्याच्या वकिलांकडून आले, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, आणि त्यात सोमवारी दुपारपर्यंत लेखी हमी मागितली होती. पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘खासगी व गोपनीय, प्रसिद्धीसाठी नाही’ असे होते. आत कुठेही उद्धट शब्द नव्हता. आपल्या अशिलाला किती मनस्ताप झाला आहे, मजकूर प्रसिद्ध झाल्यास किती मोठी भरपाई मागावी लागेल, न्यायालयीन खर्च कोणावर पडेल, याचे शांत, मुद्देसूद विवेचन होते, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, अगदी जाता जाता, संपादकांच्या राहत्या घराचा उल्लेख होता. त्यांनी बातमी छापली. मात्र ज्या परिच्छेदासाठी ती लिहिली होती तो काढून टाकून. वाचकांना त्यातले काय गेले ते कधीच कळले नाही, कारण गाळलेल्या परिच्छेदाची जागा कागदावरही मोकळी राहत नाही, तर पडद्यावर कुठून राहणार?

असे का होते ते समजून घ्यायला वकील असण्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये मजकूर खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर असते. तो खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर नसते. हरलेल्याने सामान्यतः जिंकलेल्याचाही बराचसा खर्च द्यावा लागतो, आणि लंडनच्या नामांकित वकिलांचे तासाचे दर पाहिले की छापणाऱ्याला आपली बाजू खरी असण्यापेक्षा आपली गंगाजळी किती आहे याचा विचार आधी करावा लागतो. कॅथरीन बेल्टन या पत्रकार स्त्रीने पुतिन आणि त्यांच्या भोवतालच्या वर्तुळावर 2020 मध्ये पुस्तक लिहिले. त्यावर रोमान अब्रामोविच यांच्यासह काही रशियन धनाढ्यांनी आणि रोसनेफ्ट या सरकारी तेलकंपनीने लंडनमध्ये दावे लावले. अब्रामोविच यांच्याशी डिसेंबर 2021 मध्ये काही मजकूर बदलून तडजोड झाली. एकही दावा पूर्ण सुनावणीपर्यंत गेला नाही आणि तरीही प्रकाशकाचे सुमारे 15 लाख पौंड खर्ची पडले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले, अब्रामोविच यांच्यावर ब्रिटनने निर्बंध लादले आणि जे सरकार तोवर या दाव्यांकडे काणाडोळा करत होते तेच पत्रकारांची गळचेपी करणाऱ्या दाव्यांबद्दल संसदेत तळमळीने बोलू लागले.

दुसरी एक खुबी अशी, की दावा नेहमी वृत्तपत्रावरच लावला जातो असे नाही. सायमन सिंग या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये ‘गार्डियन’मध्ये पाठीच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्यांच्या काही दाव्यांची चिकित्सा केली, तेव्हा त्या व्यावसायिकांच्या संघटनेने वृत्तपत्राला सोडून एकट्या सिंग यांना न्यायालयात खेचले. एप्रिल 2010 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि दावा मागे घेतला गेला. परंतु दोन वर्षे एका लेखकाने दुसरे काहीच केले नव्हते. त्या प्रकरणातून जी चळवळ उभी राहिली तिने 2013 चा बदनामी कायदा घडवला. त्यात दोन गोष्टी आल्या. दावेदाराला आपल्या लौकिकाला गंभीर इजा झाल्याचे दाखवावे लागेल, आणि मजकूर सार्वजनिक हिताचा आहे असे मानायला छापणाऱ्याकडे वाजवी कारण असेल, तर पुढे तपशिलात चूक निघाली तरी त्याला बचाव मिळेल.

हा बचाव किती पुरतो, हे पत्रकार कॅरोल कॅडवॉलडर यांच्या खटल्यात दिसले. ब्रेक्झिटच्या प्रचाराला मोठा निधी देणारे ॲरन बँक्स यांनी 2019 मध्ये त्यांच्यावर दावा लावला, तोही त्यांच्या एका भाषणातल्या मोजक्या वाक्यावरून आणि त्यासंबंधीच्या ट्वीटवरून. इथेही वृत्तपत्र वगळले होते आणि भाषण आयोजित करणारी संस्थाही. जून 2022 मध्ये उच्च न्यायालयाने कॅडवॉलडर यांचा सार्वजनिक हिताचा बचाव मान्य केला. या दाव्याला ‘गळचेपीचा दावा’ म्हणणे रास्त नाही असेही न्यायमूर्तींनी निकालात नमूद केले होते, ते इथे सांगितलेच पाहिजे. फेब्रुवारी 2023 मध्ये अपील न्यायालयाने बँक्स यांची एक बाजू मान्य केली: अधिकृत तपासात काही गैर आढळले नाही असे जाहीर झाल्यावरही ते भाषण संकेतस्थळावर उपलब्ध राहिले, त्या नंतरच्या काळात बँक्स यांच्या लौकिकाला गंभीर इजा झाली, आणि त्या काळापुरता बचाव टिकत नव्हता. भरपाई ठरली 35,000 पौंड. खरा घाव खर्चाचा होता; बँक्स यांच्या खटल्याच्या खर्चातला मोठा हिस्सा एका व्यक्तीवर आला आणि तो लोकवर्गणीतून उभा करण्याची पाळी आली. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल समजण्यासारखा आहे. पण तो वाचून एखाद्या तरुण वार्ताहराने विषय बदलला, तर मी त्याला भेकड म्हणणार नाही.

लंडनमधल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांचा विचार करताना मराठी माणसाला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. स्ट्रँडवरच्या न्यायालयाची ती करडी, मनोऱ्यांची इमारत जिथे संपते तिथूनच जवळपास फ्लीट स्ट्रीट सुरू होतो. म्हणजे वृत्तपत्रांची जुनी पेठ आणि त्यांना जाब विचारणारे न्यायालय एकाच रस्त्याच्या ओळीत आहेत. ‘टाइम्स’चे पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात लोकमान्य टिळकांचा संबंध हिंदुस्थानातल्या राजकीय हत्यांशी जोडला होता, आणि त्यावर दावा लढवण्यासाठी टिळक 1918 मध्ये इथे आले. 1919 च्या आरंभी न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्यूरी यांच्यापुढे खटला चालला, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे राहिले, आणि टिळक हरले. खर्चाचा बोजा एवढा होता, की तो फेडण्यासाठी महाराष्ट्रात निधी जमवावा लागला. मेडा व्हेलमध्ये ते ज्या घरात राहिले त्याच्या भिंतीवर आज निळी पाटी आहे. तिच्यावर खटल्याचा उल्लेख नाही.

हा इतिहास मला सरळ रेषेत वाचता येत नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. इथे दावा लावणारा संपादक होता आणि ज्याच्यावर लावला तोही पत्रकारच. शिवाय याच टिळकांनी आणि आगरकरांनी 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांची बदनामी केल्याबद्दल डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती पुढे बनावट निघाली. आजच्या इंग्लंडच्या कायद्यात कदाचित त्यांना ‘सार्वजनिक हिताचा’ बचाव मांडता आला असता आणि पत्रांची शहानिशा किती केली होती, दिवाणांना बाजू मांडण्याची संधी दिली होती का, यावर तो टिकला किंवा पडला असता. म्हणजे ‘केसरी’ दोन वर्षांचाही नव्हता तेव्हापासून हा पेच आपल्याही घरात आहे.

अब्रूचा कायदा मुळीच नको, असे मी म्हणत नाही. इथल्या वृत्तपत्रांनी काय काय केले आहे ते पाहिले की तसे म्हणवतही नाही. 2010 च्या नाताळात ब्रिस्टलमध्ये एका तरुणीचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, चौकशीसाठी ताब्यात घेतले आणि पुढचे काही दिवस वृत्तपत्रांनी त्याच्या केसांपासून त्याच्या वाचनापर्यंत प्रत्येक गोष्टीत गुन्हेगार शोधला. त्याचा खुनाशी काडीचाही संबंध नव्हता. आठ वृत्तपत्रांना त्याला भरपाई द्यावी लागली, आणि ती मिळाली ती याच कायद्यामुळे. पुढे 2011 च्या उन्हाळ्यात, बेपत्ता होऊन खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या मोबाइलमधले निरोप ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या माणसांनी चोरून ऐकल्याचे उघड झाले, ते साप्ताहिक बंद पडले आणि वृत्तपत्रांच्या वागणुकीबद्दल लेव्हसन चौकशी बसली. गंमत अशी, की ही चोरी उजेडात आणली तीही दुसऱ्या वृत्तपत्रानेच, ‘गार्डियन’ने, आणि पोलीस ‘यात काही नाही’ म्हणत असताना. त्या निवृत्त शिक्षकासारख्या माणसाला कायद्याचे दार सहज उघडले पाहिजे. प्रत्यक्षात ते ज्यांच्यासाठी सर्वांत सहज उघडते त्यांना स्वतःची बाजू मांडायला न्यायालयाची गरजच नसते.

आतापर्यंत जे सांगितले ते न छापलेल्या किंवा उशिरा छापलेल्या बातम्यांबद्दल होते. छापून आलेली बातमीही वाया जाऊ शकते, हे मला पोस्ट ऑफिसच्या प्रकरणाने शिकवले. आमच्या भागातले पोस्ट म्हणजे एका वाणसामानाच्या दुकानाच्या मागच्या टोकाला, काचेमागे मांडलेला एक गल्ला आहे. दुकान चालवणारे गुजराती दांपत्य सकाळी पार्सलांचे वजन करते आणि मधल्या वेळात दुधाच्या बाटल्या रचते. ब्रिटनमध्ये अशी हजारो पोस्टे कंत्राटी पोस्टमास्तर चालवतात, आणि त्यांत भारतीय वंशाची कुटुंबे पुष्कळ आहेत. ‘होरायझन’ नावाची फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली बसल्यावर त्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. कंत्राटाप्रमाणे तूट त्यांनीच भरायची होती. काहींनी घर विकून भरली. नऊशेहून अधिक जणांवर चोरी किंवा खोट्या हिशेबाचा गुन्हा शाबीत झाला.

‘कंप्युटर वीकली’ या संगणकव्यवसायाच्या नियतकालिकाने मे 2009 मध्ये सात पोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या आणि प्रणालीतच दोष असावा असे सूचित केले. रेबेका थॉमसन या तरुण वार्ताहर स्त्रीचे ते काम. बातमी बिनचूक होती, आणि तिच्यामागे एकही मोठे वृत्तपत्र गेले नाही. दीड वर्षाने, नोव्हेंबर 2010 मध्ये, सरे परगण्यातल्या एका भारतीय वंशाच्या पोस्टमास्तर बाईंना चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात पाठवण्यात आले. तेव्हा त्या गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. ‘प्रायव्हेट आय’ हे पाक्षिक आणि निक वॉलिस यांच्यासारखे एखाददुसरे पत्रकार या विषयाला चिकटून राहिले. बीबीसीने 2015 मध्ये त्यावर कार्यक्रम केला, तर पोस्ट ऑफिसने तो होऊ नये म्हणून दबाव आणला, असे पुढे बीबीसीनेच उघड केले. त्या बाईंची शिक्षा रद्द झाली एप्रिल 2021 मध्ये, आणखी अडतीस जणांबरोबर. आणि देशाला खऱ्या अर्थाने जाग आली ती जानेवारी 2024 मध्ये, एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे. मग संसदेने मे महिन्यात खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकल्या. पहिल्या बातमीपासून त्या कायद्यापर्यंत पंधरा वर्षे. दुकानातल्या त्या दांपत्याशी मी यावर एकदा बोलले. तुटीबद्दल त्यांना काही सांगायचे नव्हते, पण संध्याकाळी गल्ला मिळवताना अजून छातीत धडधडते, एवढे बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

बातमी का वाया गेली? कारण तिला उचलून घेणारी माणसे जागेवर नव्हती. तुटीचे गुन्हे गावोगावच्या न्यायालयांत सुटे सुटे चालत होते. पूर्वी अशा न्यायालयांत स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर बाकावर बसून असे, आणि त्याने शेजारच्या गावातल्या वार्ताहराशी चहाच्या वेळी गाठ घातली असती, तर हे एकाच्या हातचे पाप नाही, हे वर्षभरात कळून चुकले असते. आता त्या साप्ताहिकांची शेकड्यांनी संख्या घटली आहे. जी उरली आहेत त्यांतली कित्येक दूरच्या कार्यालयातून, परिपत्रके जोडून काढली जातात. लंडनचे ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ सप्टेंबर 2024 मध्ये दैनिकाचे साप्ताहिक झाले. पालिका आणि पंचायतींच्या कारभारावर नजर ठेवण्यासाठी बीबीसीच्या परवाना शुल्कातून देशभर सुमारे 165 वार्ताहर पोसले जातात, आणि ते चांगले काम करतात. पण एकेका वार्ताहराकडे तीन-तीन पालिका असतील तर तो सभेला जाईल की पदपथावरच्या माणसाशी बोलेल? आमच्या पालिकेच्या सभेला मी गेले होते तेव्हा ‘वृत्तपत्र प्रतिनिधी’ अशी पाटी असलेल्या टेबलावर कोणा नगरसेवकाची ओली छत्री वाळत होती.

ही हलकी गोष्ट वाटेल, म्हणून लंडनमधल्या केन्सिंग्टनचे उदाहरण देते. ग्रेनफेल टॉवर या इमारतीतल्या रहिवाशांचा एक गट वर्षानुवर्षे ब्लॉगवर आगीच्या धोक्याबद्दल लिहीत होता. अडकलेला अग्निशमन दलाचा रस्ता, विजेच्या दाबातले चढउतार, एकमेव जिना. 2013 मध्ये पालिकेच्या वकिलाने त्यांना पत्र पाठवले: तुमचे लिखाण बदनामीकारक आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांनी लिहिले, की मोठी आग लागून माणसे मेल्याशिवाय इमारतीच्या व्यवस्थापकांना जाग येणार नाही. 14 जून 2017 रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 72 माणसे मेली. देशातल्या सर्वांत श्रीमंत वस्त्यांपैकी एक असलेल्या त्या भागात, जिथून मोठ्या वृत्तपत्रांची कार्यालये चालत जाण्याइतकी जवळ आहेत, या ब्लॉगचे तक्रारपत्र उचलून पालिकेला प्रश्न विचारणारा वार्ताहर नव्हता. ब्लॉग वाचला कोणी? ज्या पालिकेबद्दल लिहिले होते तिच्या वकिलाने.

कायदा आता कुठे आहे? वकिलांच्या नियामक संस्थेने नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या सभासदांना ताकीद दिली, की पत्रावर उगाच ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असे लिहून समोरच्याला घाबरवू नका. त्याच उन्हाळ्यात मंत्री नदीम झहावी यांच्या करप्रकरणाबद्दल लिहिणाऱ्या डॅन नीडल या करतज्ज्ञाने आलेली असली पत्रे सरळ जाहीर करून टाकली होती. झहावी यांना पुढे जानेवारी 2023 मध्ये पद सोडावे लागले. नीडल स्वतः मोठे वकील होते म्हणून त्यांना ते जमले. 2023 च्या आर्थिक गुन्हेविषयक कायद्यात गळचेपीचे दावे लवकर निकालात काढण्याची तरतूद आली, पण ती फक्त आर्थिक गुन्ह्यांसंबंधीच्या लिखाणापुरती. सर्वच विषयांसाठी मांडलेले खासगी विधेयक मे 2024 मध्ये निवडणूक जाहीर होताच संसदेबरोबर विसर्जित झाले. म्हणजे पैशाच्या अफरातफरीबद्दल लिहिणाऱ्याला थोडेफार छत्र आहे. कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दल, सदोष औषधाबद्दल किंवा धोक्याच्या इमारतीबद्दल लिहिणाऱ्याला नाही.

आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असते त्यांचे काय? याचे उत्तर शोधायला उत्तर आयर्लंडला जावे लागते. 18 जून 1994 च्या रात्री लॉकिनआयलंड या खेड्यातल्या छोट्या पबमध्ये लोक विश्वचषकातला आयर्लंड-इटली सामना पाहत बसले होते, तेव्हा बंदूकधाऱ्यांनी आत शिरून सहा कॅथलिक पुरुषांना ठार मारले. पोलीस आणि मारेकरी यांच्यात संगनमत होते असा निष्कर्ष पोलिसांवर देखरेख करणाऱ्या लोकपालांनी 2016 मध्ये काढला. ट्रेव्हर बर्नी आणि बॅरी मॅकॅफ्री या दोन पत्रकारांनी त्यावर माहितीपट केला आणि संशयितांची नावे घेतली. खुनांबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. मात्र ऑगस्ट 2018 च्या शेवटच्या दिवशी पहाटे पोलीस या दोघांच्या घरी त्यांना अटक करायला पोहोचले. लोकपालांच्या कार्यालयातला एक दस्तऐवज त्यांच्या हाती कसा लागला, हे पोलिसांना हवे होते. त्यांचे संगणक, फोन, वह्या उचलून नेल्या. पुढच्या वर्षी बेलफास्टच्या न्यायालयाने ती झडतीची वॉरंटे अयोग्य ठरवली. तोवर पोलिसांनी अटकेनंतर गुप्त पाळतही ठेवली होती, सुटल्यावर हे दोघे आपल्या माहितगाराला गाठतात का ते पाहण्यासाठी. तपासाधिकारांवरच्या न्यायाधिकरणाने ती पाळत बेकायदा असल्याचा निर्णय 17 डिसेंबर 2024 रोजी दिला आणि प्रत्येकाला 4,000 पौंड देवविले.

पत्रकारांच्या संघटनेने त्या निर्णयाचे विजय म्हणून स्वागत केले, आणि तो विजय होताच. तरी मी तो वाचताना त्या दोघांऐवजी तिसऱ्याच माणसाचा विचार करत होते. तो एखाद्या इस्पितळात, पालिकेत किंवा पोलीस ठाण्यात नोकरीला आहे, त्याच्या टेबलाच्या खणात एक कागद आहे, आणि तो कोणाला द्यावा की देऊच नये हे त्याला ठरवायचे आहे. अटकेपासून निर्णयापर्यंत सहा वर्षे आणि साडेतीन महिने गेले, एवढे त्याने त्या बातमीतून नक्कीच मोजून काढले असणार.